मागचे पेपर नेमके कशासाठी वाचायचे? बारावी फिजिक्सची उजळणी आणि 'आयएमपी'चा मोह



प्रिलिम संपली की बारावी सायन्सच्या मुलांच्या मोबाइलवर 'मोस्ट आयएमपी' याद्या फिरायला लागतात. दोन पानं, पंचवीस-तीस प्रश्न, आणि वर 'एवढं केलं की झालं' असा दिलासा. यादी कोणी केली, कशावरून केली, हे कुणी विचारत नाही. मुलं घाबरलेली असतात आणि घाबरलेल्या माणसाला छोटी यादी फार गोड वाटते.

मागच्या वर्षांचे पेपर अभ्यासाला घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. उलट बोर्डाचा जुना पेपर हे फुकट मिळणारं सगळ्यात चांगलं साधन आहे. ज्या मुलाच्या गावात क्लास नाही, त्याच्यासाठी तर फारच. पण त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. थोडक्यात सांगायचं तर, यंदा कोणता प्रश्न येईल हे जुन्या पेपरांतून कळत नाही. एखादा विषय कोणकोणत्या रूपांत विचारला जातो, हे मात्र फार चांगलं कळतं. उजळणीचं नियोजन या दुसऱ्या गोष्टीवर उभं करायचं असतं. ते कसं, ते महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी फिजिक्सच्या पेपरवरून पाहू.

आधी पेपरचा सांगाडा

लेखी पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास. प्रॅक्टिकलचे ३० गुण वेगळे. पेपरचे चार विभाग असे:

- विभाग अ: १० बहुपर्यायी आणि ८ अतिलघुत्तरी प्रश्न, प्रत्येकी १ गुण. सगळे सक्तीचे. एकूण १८ गुण.
- विभाग ब: २ गुणांचे १२ प्रश्न, त्यातले ८ सोडवायचे. १६ गुण.
- विभाग क: ३ गुणांचे १२ प्रश्न, त्यातले ८ सोडवायचे. २४ गुण.
- विभाग ड: ४ गुणांचे ५ प्रश्न, त्यातले ३ सोडवायचे. १२ गुण.

म्हणजे छापलेले प्रश्न ४७ आणि त्यांचे गुण ९८. सोडवायचे गुण ७०.

आता १६ प्रकरणांचं वेटेज बघा. ऑप्शन धरून ते साधारण असं पडतं:

- ७ गुण: रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी व रेडिएशन, थर्मोडायनॅमिक्स, वेव्ह ऑप्टिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन.
- ६ गुण: सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्ज, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, करंट इलेक्ट्रिसिटी, मॅग्नेटिक फील्ड्स, एसी सर्किट्स, अणू व अणुकेंद्र.
- ५ गुण: ऑसिलेशन्स, मॅग्नेटिक मटेरिअल्स, ड्युअल नेचर, सेमिकंडक्टर.

प्रत्यक्ष पेपरात एखादा गुण इकडे-तिकडे होतो. पण या यादीत एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. सगळ्यात जड प्रकरण ७ गुणांचं आणि सगळ्यात हलकं ५ गुणांचं. फरक फक्त दोन गुणांचा! 'हे प्रकरण फार महत्त्वाचं, ते काही खास नाही' असं म्हणायला इथे फारशी जागाच नाही. हे कळायला दहा वर्षांचे पेपर चाळायचीही गरज नाही, वेटेजचा तक्ता पुरतो.

'चार चॅप्टर सोडले तरी चालतं' हा हिशोब

मुलांमध्ये हे गणित फार लोकप्रिय आहे. ९८ मधून ७० सोडवायचे, म्हणजे २८ गुण ऑप्शनला. मग सात-सात गुणांची चार प्रकरणं सोडली तर काय बिघडलं? वरवर बरोबर वाटतं. आता जरा खोलात जाऊ.

ऑप्शनचे ते २८ गुण कुठे आहेत? विभाग ब मध्ये ८, क मध्ये १२ आणि ड मध्ये ८. विभाग अ मध्ये शून्य. एका गुणाचे १८ प्रश्न १६ प्रकरणांत वाटलेले असतात, म्हणजे सरासरीने प्रत्येक प्रकरणाला एक तरी. चार प्रकरणं सोडली की चार-पाच गुण तिथेच गेले.

पुढे ४ गुणांचे पाच प्रश्न असतात. त्यातले तीन नेमके सोडलेल्या प्रकरणांतले निघाले, तर हाती दोनच उरतात आणि सोडवायचे असतात तीन. आणखी चार गुण गेले. म्हणजे एकही चूक न करता, एकही सूत्र न विसरता, आठ-नऊ गुण आधीच वजा. शिवाय उरलेल्या प्रकरणांतला अवघड प्रश्न टाळायची सोय जवळजवळ संपलेली असते. ऑप्शन ही परीक्षेच्या दिवशीची ढाल आहे. ती जानेवारीतच मोडून टाकली तर फेब्रुवारीत हातात काय राहणार?

मग ज्या मुलाचा खरंच वेळ कमी आहे, त्याने काय करायचं? प्रकरण सोडायचं नाही, त्याची खोली कमी करायची. रोटेशनल डायनॅमिक्समधली लांब डेरिव्हेशन्स जमत नसतील तर राहू देत. पण व्याख्या, एकक, सूत्रं, समांतर अक्षाचं प्रमेय नुसतं विधानापुरतं आणि सूत्रात सरळ किमती घालायचं एखादं गणित, एवढं तर होतंच. सातपैकी दोन-तीन गुण त्यातून हाताशी येतात. 'पूर्ण' आणि 'सोडलं' यांच्या मध्ये एक 'हलकं केलं' अशी पायरी असते, ती मुलांना दाखवायला हवी.

कोणते पेपर मोजायचे?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. बाजारात 'मागील १० वर्षांचे पेपर' असे संच मिळतात. पण बारावीचं सध्याचं पुस्तक २०२०-२१ पासून लागू झालं. त्याआधीच्या पुस्तकात २० प्रकरणं होती. त्यातलं ग्रॅव्हिटेशन, इलॅस्टिसिटी, कम्युनिकेशन सिस्टिम्स हे भाग आता अकरावीत गेले आहेत. थर्मोडायनॅमिक्स आणि एसी सर्किट्स ही आज स्वतंत्र प्रकरणं आहेत, जुन्या पुस्तकात ती नव्हती. त्यामुळे दहा वर्षांची सरसकट बेरीज केली तर 'उपग्रहाचा क्रिटिकल व्हेलॉसिटीचा प्रश्न वारंवार येतो, थर्मोडायनॅमिक्स क्वचित येतं' असा उलटाच निष्कर्ष निघेल. आकडे खरे, निष्कर्ष साफ चुकीचा.

दुसरी खाच त्याहून बारीक आहे. २०२१ ची परीक्षा कोविडमुळे रद्द झाली. २०२२ ची परीक्षा २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. त्यामुळे २०२२ च्या पेपरात एखादा घटक दिसला नाही, तर 'तो विचारत नाहीत' असा अर्थ नाही. कदाचित तो त्या वर्षी अभ्यासक्रमातच नव्हता. पूर्ण अभ्यासक्रमाचे पेपर २०२३ पासूनचे. तेव्हा मोजणीला मुख्यतः २०२३ पासूनचे घ्या, फेब्रुवारी-मार्चचे आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेचेही. २०२२ चे पेपर सरावाला वापरा, मोजणीला नको. आणि जुन्या पुस्तकाच्या पेपरांतली आजही लागू असणारी गणितं सोडवायला काहीच हरकत नाही. त्यावरून 'ट्रेंड' मात्र काढू नका.

'तीन वर्षं आला नाही, यंदा येणारच!'

हे वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतं. त्याचं उलटंही ऐकू येतं, 'मागच्या वर्षी आला, यंदा नाही येणार.' दोन्हींची एकदा तपासणी करू.

समजण्यासाठी धरा की ४ गुणांचे पाच प्रश्न पाच वेगवेगळ्या प्रकरणांतून येतात आणि सोळाही प्रकरणांना समान संधी आहे. मग एखाद्या प्रकरणावर एका पेपरात ४ गुणांचा प्रश्न न येण्याची शक्यता १६ पैकी ११, म्हणजे सुमारे ६९ टक्के. सलग तीन पेपरांत न येण्याची शक्यता काढायला ही संख्या तीनदा गुणायची. उत्तर येतं सुमारे ३३ टक्के. म्हणजे कोणी काहीही न ठरवता, निव्वळ योगायोगाने, सोळांपैकी पाचेक प्रकरणं अशी दिसणारच की ज्यांच्यावर तीन पेपरांत ४ गुणांचा प्रश्न नाही. आपण त्यात 'पॅटर्न' शोधत बसतो. नाणं तीनदा छापा पडलं म्हणून चौथ्यांदा काटा पडायला ते बांधील नसतं, तसंच हे. वेटेजच्या तक्त्यात 'मागच्या वर्षी आलेला नको' असा रकाना कुठेही नाही.

पटत नसेल तर एक सोपी चाचणी घ्या. सगळ्यात ताजा पेपर बाजूला ठेवा, उघडू नका. त्याआधीच्या पेपरांवरून ३ आणि ४ गुणांच्या वीस प्रश्नांची तुमची स्वतःची आयएमपी यादी करा. मग बाजूला ठेवलेला पेपर उघडा आणि मोजा: त्या १७ मोठ्या प्रश्नांपैकी किती तुमच्या यादीत जसेच्या तसे होते? किती 'विषय तोच, पण प्रश्न वेगळा' असे होते? आणि किती यादीत नव्हतेच? हीच चाचणी फिरत आलेल्या कुठल्याही यादीला लावता येते. वर्गात मुलांकडून करून घ्या. तासाभराचं काम आहे, पण तुमच्या दहा उपदेशांपेक्षा जास्त परिणाम करतं.

मग मोजायचं काय? प्रश्न नाही, कल्पना

मधला गट, म्हणजे 'विषय तोच, प्रश्न वेगळा', हीच जुन्या पेपरांची खरी कमाई. एक साधं उदाहरण घेऊ: सेकंद दोलक. एकाच कल्पनेवर किती तऱ्हेने विचारता येतं बघा.

- १ गुण: सेकंद दोलक म्हणजे काय? ज्याचा आवर्तकाल २ सेकंद असतो तो.
- २ गुण: त्याची लांबी काढा. गुरुत्व त्वरण ९.८ धरलं आणि पायच्या वर्गाने भागलं की ०.९९३ मीटर येतं.
- २ गुण: तोच दोलक चंद्रावर नेला, जिथे गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे, तर सेकंद दोलक राहण्यासाठी लांबी किती हवी? तीही एक षष्ठांश, म्हणजे साधारण १६.५ सेंटिमीटर.
- १ गुण: लांबी दुप्पट केली तर आवर्तकाल किती? चार सेकंद नाही! आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून २.८३ सेकंद.
- ३ गुण: साध्या दोलकाच्या आवर्तकालाचं सूत्र काढा, आणि त्याच्या जोडीला वरचं एखादं छोटं गणित.

ज्या मुलाने फक्त 'सूत्र काढा' हा आयएमपी प्रश्न पाठ केला, तो चंद्रावर गेला की अडकतो. ज्याने 'लांबी आणि गुरुत्व त्वरण बदललं की आवर्तकाल कसा बदलतो' हे धरलं, त्याला पाचही प्रश्न एकच वाटतात. पोटेन्शिओमीटरचंही तसंच. दोन सेलच्या ईएमएफची तुलना, अंतर्गत रोध, व्होल्टमीटरपेक्षा तो चांगला का, पोटेन्शियल ग्रेडियंटचं गणित, या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: संतुलन बिंदूला सेलमधून प्रवाह जात नाही. यंगच्या प्रयोगातही पट्ट्यांची रुंदी कशाकशावर अवलंबून असते हे पक्कं असेल, तर 'सगळी मांडणी पाण्यात बुडवली तर?' या प्रश्नाने मूल गडबडत नाही. पाण्याचा अपवर्तनांक चार तृतीयांश, म्हणून तरंगलांबी आणि पट्ट्यांची रुंदी तीन चतुर्थांश होते.

तक्ता कसा करायचा?

एक लांब वही पुरते. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ आणि पाच रकाने:

१. पेपर (वर्ष आणि महिना)
२. प्रकरण
३. मूळ कल्पना, दोन-तीन शब्दांत
४. गुण
५. रूप: व्याख्या, फरक, कारण, आकृती, डेरिव्हेशन की गणित

एका पेपराच्या ४७ ओळी होतात, सहा पेपरांच्या २८२. एकट्या शिक्षकाने करायचं म्हटलं तर कंटाळवाणं आहे, म्हणून मुलांच्या सोळा जोड्या करा आणि एकेका जोडीला एक प्रकरण द्या. प्रश्न वाचून 'यात मूळ कल्पना कोणती?' हे ठरवणं हीच अर्धी उजळणी आहे. सुरुवातीला मुलं चुकीच्या कल्पना लिहितात. त्यावर जो वाद होतो, तो होऊ द्या.

तक्ता झाला की आडवा न वाचता उभा वाचा. एकाच कल्पनेसमोर तीन-चार रूपं दिसली तर ती कल्पना सगळ्या बाजूंनी तयार करायची. जिथे एकच रूप दिसतं, तिथे उरलेली रूपं आपण स्वतः तयार करून वर्गात द्यायची. आणि पाठ्यपुस्तकात असलेली जी कल्पना तक्त्यात एकदाही आली नाही, तिची वेगळी यादी भिंतीवर लावा. ती 'येणार' म्हणून नाही. एका गुणासाठी ती कधीही येऊ शकते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून.

तक्त्यावरून वेळापत्रक

वेळापत्रक करताना तीन गोष्टी बघायच्या: प्रकरणाचे गुण, मुलाचे त्यात बुडणारे गुण, आणि ते परत मिळवायला लागणारे तास. बहुतेक घरी फक्त पहिली गोष्ट बघितली जाते.

समजा एका मुलीला प्रिलिममध्ये रोटेशनल डायनॅमिक्सच्या ७ पैकी २ गुण मिळाले, मॅग्नेटिक मटेरिअल्सच्या ५ पैकी १ आणि सेमिकंडक्टरच्या ५ पैकी ४. बुडालेले गुण अनुक्रमे ५, ४ आणि १. पण रोटेशन पक्कं करायला तिला १४ तास लागतील आणि मॅग्नेटिक मटेरिअल्सला ४ तास, असं धरलं तर? पहिल्यात तासाला सुमारे ०.३६ गुण, दुसऱ्यात तासाला १ गुण. म्हणजे आधी मॅग्नेटिक मटेरिअल्स, मग रोटेशन. सेमिकंडक्टरला शेवटी एक नजर पुरे. दुसऱ्या मुलाचं चित्र याच्या अगदी उलटं असू शकतं. म्हणून साठ मुलांना एकच आयएमपी यादी देणं हे साठ रुग्णांना एकच गोळी देण्यासारखं आहे. पेपरांचा तक्ता सगळ्या वर्गाचा एक असतो, वेळापत्रक मात्र ज्याचं त्याचं.

पूर्ण पेपर, घड्याळ लावून

शेवटच्या तीन आठवड्यांत निदान तीन पेपर तरी सलग तीन तास बसून सोडवायला हवेत. १८० मिनिटांत ७० गुण म्हणजे गुणाला अडीच मिनिटं. एक अंदाज असा: विभाग अ ला २७ मिनिटं, ब मधल्या प्रश्नांना प्रत्येकी ५, क मधल्यांना ८ आणि ड मधल्यांना ११. बेरीज १६४ होते, १६ मिनिटं तपासायला राहतात.

काही साध्या गोष्टी या सरावातच अंगवळणी पडतात. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळे घरीही कॅल्क्युलेटर बंद. बहुपर्यायी प्रश्नात अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, आणि पहिलंच उत्तर तपासलं जातं. खोडून पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायचा. आकृतीला नावं द्यायची, उत्तराला एकक लिहायचं. यातलं काहीच अवघड नाही, पण परीक्षेच्या धावपळीत निसटतं ते हेच.

सीईटीचं काय?

एमएचटी-सीईटीचा तक्ता वेगळा ठेवा, बोर्डाच्या तक्त्यात मिसळू नका. तिथे फिजिक्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकीला वजाबाकी नाही, आणि फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटं. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या भागावर असतात. तिथे डेरिव्हेशन लिहायचं नसतं, त्यातून निघालेलं सूत्र आणि प्रमाण पटकन वापरायचं असतं. 'लांबी दुप्पट केली तर?' या जातीची तयारी मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते. कल्पनेवर आधारलेल्या उजळणीचा हा दुहेरी फायदा.

पालकांसाठी आणि आपल्यासाठी

पालकहो, 'किती चॅप्टर झाले?' असं विचारण्याऐवजी 'आज कोणती कल्पना तीन तऱ्हांनी विचारता येईल असं लक्षात आलं?' असं विचारून बघा. फिजिक्स येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि मुलाने सांगितलेलं ऐकता येतं. आयएमपीची यादी आली तर पुढे पाठवू नका. गेस पेपरवर पैसे खर्च करण्याआधी बोर्डाचे खरे पेपर आणि पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय पूर्ण झालाय का, ते बघा.

आणि शिक्षकमित्रांनो, एक गोष्ट आपल्या आपल्यात. मूल प्रकरण सोडतं तेव्हा त्याचं स्वतःचं नुकसान होतं. पण 'यावर फारसं विचारत नाहीत' म्हणून आपणच वर्गात एखादं प्रकरण उरकतो, तेव्हा साठ मुलांचा निर्णय आपण परस्पर घेतलेला असतो. क्लासला जाणारी मुलं ते दुसरीकडे भरून काढतील. जी फक्त आपल्याच तासाला बसतात, ती कुठे जातील? ट्रेंड बघून कुठे जास्त वेळ द्यायचा ते जरूर ठरवा. काय शिकवायचंच नाही, हे मात्र त्यावरून ठरवू नका.

या शनिवारी एकच पेपर घ्या आणि ४७ ओळींचा तक्ता भरून बघा. उरलेले पाच पेपर मग मुलंच मागतील.